ओले धान्य वर ठेवा

चौथ्या रोजाची गोष्ट. असरची नमाज आटोपून मी भज्यांचे पीठ भिजवत होते. तेवढ्यात पिरंगुटहून भाच्याचा फोन आला. "खाला, अम्मीची छाती फार धडधडतेय. हात थरथरतायत. रोजा सोडायला मात्र तयार नाही. तुम्ही सांगून बघा." पौडहून पिरंगुट काही लांब नाही. मी पोहोचले तेव्हा आपा पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, कपाळावर घाम. आजारी माणसाला रोजा सोडण्याची मुभा आहे, तो नंतर भरून काढता येतो, हे लहानपणी मला तिनेच शिकवले होते. त्या दिवशी मी तेच तिला ऐकवले, पाणी पाजले आणि दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला आणि विचारले, "रक्तदाबाच्या गोळीशिवाय दुसरे काही औषध चालू आहे का?" आपा म्हणाली, "नाही." मग थोडे थांबून, "औषध नाही, पण एक पावडर घेते. जडीबुटीची आहे." डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले.

ईदनंतर आपाच्या मुलाचे लग्न आहे. वलीम्याच्या फोटोंत आपण बऱ्या दिसावे, एवढीच तिची इच्छा. मोबाईलवर एक व्हिडिओ आला. दाढीवाले बुजुर्ग, मागे जुन्या किताबांचे कपाट, आणि वजन उतरवण्याचा 'तिब्बी नुस्खा'. रमजानमध्ये घेतला तर असर दुप्पट. चाळीस दिवसांचा कोर्स, २,४०० रुपये. हिरवा डबा घरपोच आला. डब्यावर पानाफुलांचे चित्र, '२१ दुर्मिळ वनौषधी' ही अक्षरे आणि एक मोबाईल नंबर. त्या २१ वनौषधी कोणत्या, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

डॉक्टरांनी पावडर बंद केली. चार-पाच दिवसांत आपा सावरली. त्या डब्यात नेमके काय होते ते आम्हाला आजही ठाऊक नाही. तिला त्रास त्यानेच झाला असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही आणि नाही असेही म्हणू शकत नाही. आपण पोटात काय घालत होतो हेच माहीत नसणे, यातच माझी पहिली तक्रार आली.

दुसरी गोष्ट आठवड्याने घडली. शेजारच्या काकूंना इफ्तारीची ताटली द्यायला गेले आणि बोलता बोलता हा किस्सा सांगितला. काकू काही न बोलता आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. तोच हिरवा रंग, तीच पानेफुले, तोच मोबाईल नंबर. फक्त त्यांच्या डब्यावर 'ऋषिमुनींचे गुप्त सूत्र' असे छापले होते. त्यांच्या व्हिडिओत भगव्या वस्त्रातले बाबा होते आणि पावडर श्रावणातल्या उपासात घेतली तर असर दुप्पट होणार होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. आपल्याकडे धर्माधर्मांत अंतर पडते म्हणून केवढी चिंता केली जाते. या विक्रेत्याने मात्र भेदभाव केला नव्हता. ज्याची ज्यावर श्रद्धा, त्याला ते चित्र चिकटवून दिले होते.

उर्दूत एक शब्द आहे, ऐतबार. मराठीत आपण भरवसा म्हणतो. या धंद्यात पावडर नुसती निमित्त आहे, खरा माल ऐतबार हा आहे. आपल्या आजीने काढा दिला आणि बरे वाटले, हकीमसाहेबांनी माजून दिले आणि खोकला गेला, वैद्यांनी चूर्ण दिले आणि पोट सुधारले. पिढ्यान्‌पिढ्या साठलेला हा भरवसा हे लोक उचलून वापरतात. जुन्या हकिमांकडे आणि वैद्यांकडे मात्र नाडी पाहिल्याशिवाय पुडी मिळत नसे. ते झोप विचारायचे, भूक विचारायचे, आधी काय घेत होता ते विचारायचे. आपाला रक्तदाब आहे का, हे या विक्रेत्याने एकदाही विचारले नव्हते. पिन कोड तेवढा विचारला.

'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही' ही समजूत आपण सोडली पाहिजे. मुळशीतल्या माणसाला हे सांगायची खरे तर गरज पडू नये. आपल्या रस्त्याकडेला, अंगणात, शाळेच्या कुंपणाला पिवळी कण्हेर असते, काही जण तिला बिट्टी म्हणतात. तिची बी विषारी, पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडवते, हे गावातले पोरही जाणते. हीच बी परदेशात 'इंडियाची बी' अशा अर्थाच्या स्पॅनिश नावाने वजन कमी करण्यासाठी विकली जाते. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये दोन वर्षांच्या आतल्या एका मुलाने घरातले वजन उतरवण्याचे असे एक उत्पादन खाल्ले आणि त्याला विषबाधा झाली. पाकिटावर तेजोकोते या मेक्सिकन झाडाच्या मुळाचे नाव होते. संशोधकांनी मग त्याच नावाने ऑनलाइन विकली जाणारी दहा उत्पादने मागवून तपासली. सप्टेंबर २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आला. दहापैकी नऊ उत्पादनांत तेजोकोते नव्हतेच, होती ती पिवळी कण्हेर. तीही नैसर्गिकच.

दुसरा प्रकार त्याच्या उलट. डब्यावर झाडपाला आणि आत रसायन. सिब्युट्रामिन नावाची वजन कमी करणारी गोळी एकेकाळी डॉक्टर लिहून देत असत. तिने रक्तदाब आणि नाडी वाढते, हृदयविकाराच्या रुग्णांना झटक्याचा धोका वाढतो, असे दिसल्यावर २०१० मध्ये ती युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेली. भारतानेही २०११ मध्ये तिच्यावर बंदी घातली. पण बाजारातून गेलेले हे औषध 'हर्बल' डब्यांतून परत आले. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन वर्षानुवर्षे अशा उत्पादनांची नावे जाहीर करत आले आहे. त्यांत सिब्युट्रामिनच्या जोडीने वारंवार सापडणारा दुसरा पदार्थ म्हणजे फिनॉल्फ्थॅलिन. अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्यांना तो आठवेल. प्रयोगशाळेत टायट्रेशन करताना ज्याच्या थेंबाने द्रावण गुलाबी होते, तोच. पूर्वी तो जुलाबासाठी वापरत. पुढे कर्करोगाच्या शंकेमुळे अमेरिकेत तो त्या वापरातून काढला गेला. जुलाबाने आणि लघवी वाढवणाऱ्या औषधाने काट्यावरचा आकडा खरोखर उतरतो, आणि गिऱ्हाईक खूश होते. पण उतरलेले असते अंगातले पाणी, चरबी जागच्या जागीच. पाणी प्यायले की आकडा परत येतो. आता विचार करा, दिवसभर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या रोजेदाराच्या अंगात असे काही गेले तर काय होईल?

तिसरा प्रकार त्या मानाने साळसूद. वनस्पती खरी असते, दावा तेवढा फुगवलेला. ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेले की घरोघरी आमसूल भेटते. या आपल्या कोकमाचाच एक भाऊबंद केरळात माशाच्या कालवणात घालतात. त्याचे शास्त्रीय नाव गार्सिनिया कॅम्बोजिया, आणि त्याच्या अर्काच्या गोळ्या जगभर चरबी जाळणाऱ्या म्हणून विकल्या जातात. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे त्याची चाचणी झाली. अर्ध्यांना अर्क, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, आणि सर्वांना सारखाच बेताचा आहार. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलो. म्हणजे जे काही केले ते आहाराने केले. शिवाय अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी नंतरच्या वर्षांत वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. सोलकढी बिनघोर प्यावी. तिच्या चुलतभावाचा अर्क मुठीने गिळण्याआधी मात्र विचार करावा.

'सात दिवसांत सात किलो' असे कोणी म्हणाले तर वहीत साधा हिशेब मांडा. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. सात दिवसांत सात किलो म्हणजे रोज ७,७०० कॅलरी जाळायच्या. तुमच्या-माझ्यासारखे माणूस दिवसभरात दोन हजारांच्या आसपास खर्च करते. अन्नाचा कणही घेतला नाही तरी हा हिशेब जुळत नाही. तो फक्त पाण्याने जुळतो, नाहीतर खोटेपणाने.

कायदा काय म्हणतो? आमच्या दस्तरखानावर इफ्तारला जे लाल सरबत असते ते हमदर्दचे. १९०६ मध्ये दिल्लीत हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी सुरू केलेला हा दवाखाना. १९५४ मध्ये संसदेने औषधे व जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. त्याच्या अनुसूचीत ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांत लठ्ठपणाही आहे. या कायद्याला ज्यांनी आव्हान दिले, त्यांत हमदर्द दवाखाना होता. जाहिरात करणे हे आमचे भाषणस्वातंत्र्य आहे, असे त्यांचे म्हणणे. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायद्यातला काही भाग त्याने रद्द केला, पण गाभा कायम ठेवला. औषध विकण्यासाठी केलेली अशी जाहिरात हा व्यापार आहे, विचार मांडण्याच्या स्वातंत्र्याच्या पंखाखाली ती येत नाही, असा त्याचा आशय. मी हे हमदर्दला बोल लावण्यासाठी सांगत नाही, ते सरबत आजही आमच्या घरी आहे. पण इतक्या नामवंत, इतक्या जुन्या संस्थेलाही न्यायालयाने नाव पाहून सूट दिली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मग मोबाईलवरच्या बिननावाच्या बुजुर्गाला आपण नुसती दाढी पाहून, नाहीतर भगवे पाहून, सूट का द्यावी?

या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरीही जाहिराती थांबत नाहीत. आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांची जाहिरात आधी राज्याच्या अधिकाऱ्यांकडून मंजूर करून घ्यावी, असा नियम २०१८ मध्ये आला होता. २०२४ मध्ये आयुष मंत्रालयाने तो वगळला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि २०२५ मध्ये प्रकरण बंद करताना ती स्थगितीही उठवली. थोडक्यात, दारावरची एक चौकी गेली. मला हे बरे झाले असे वाटत नाही. जाहिरात छापून झाल्यावर, पावडर पोटात गेल्यावर होणाऱ्या कारवाईने आपासारखीचे काय भले होणार? आणि अशा जाहिराती छापणाऱ्या वर्तमानपत्रांनाही हा प्रश्न विचारायला हवा. मी वर्तमानपत्रातच लिहिते, म्हणून तो जास्त मोकळेपणाने विचारते.

तोवर आपल्या हातात काय आहे? डबा हातात आला की आधी पाहा, हे औषध आहे की अन्न. आयुर्वेदिक किंवा युनानी औषध असेल तर त्यावर उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कारखान्याचा पूर्ण पत्ता आणि घटकांची यादी हवी. पूरक अन्न म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक हवा. तो या संस्थेच्या संकेतस्थळावर घालून कोणाच्या नावावर आहे ते पाहता येते. पण हा क्रमांक म्हणजे सरकारने ती पावडर तपासून गुणकारी ठरवली, असा अर्थ नाही. तो धंद्याचा परवाना आहे. अन्नाचा क्रमांक लावून आजार बरा करण्याची भाषा कोणी करत असेल, तर तिथेच विसंगती पकडा. 'गुप्त नुस्खा' हा शब्द दिसला की डबा खाली ठेवा. 'शंभर टक्के खात्री' आणि 'कोणताही साइड इफेक्ट नाही' हे एकत्र दिसले तरीही. आधी-नंतरचे फोटो आणि व्हिडिओतले डॉक्टर यांच्यावर तर मुळीच जाऊ नका. आता ते दोन्ही संगणकावर बसल्या बसल्या तयार होतात. आणि आधीच रक्तदाबाची, साखरेची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना, वैद्यांना किंवा हकिमांना तो डबा दाखवल्याशिवाय चमचाभरही घेऊ नका.

आपाची गोष्ट अजून संपलेली नाही. अकराव्या रोजाला तिने मला बाजूला घेऊन सांगितले की पावडर बंद केल्यावर तिने त्या नंबरावर फोन केला होता. समोरचा फार अदबीने बोलला. "बाजी, पूरे पैसे वापस करेंगे." त्याने एक क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाकायला सांगितले, आणि खात्यातून ९,५०० रुपये गेले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. सहा दिवस तिने हे घरात कोणालाच सांगितले नाही. का? "तुम्ही हसाल म्हणून," ती म्हणाली. "म्हणाल, या वयात बारीक व्हायला निघाली."

मला वाटते, या धंद्याचे खरे भांडवल हेच आहे. आपली लाज. वाढलेल्या वजनाची आपण आधी थट्टा करतो, मग माणूस चोरून उपाय शोधतो, फसतो, आणि पुन्हा थट्टा होईल म्हणून गप्प बसतो. विक्रेत्याला आणखी काय हवे? देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. म्हणजे चौघींतली जवळपास एक. हा डॉक्टरांशी उघडपणे बोलण्याचा विषय आहे, लग्नघरातल्या विनोदाचा नाही.

आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. ती लगेच केली असती तर पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त होती. अजून परत आलेले नाहीत. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि औषधाबद्दल किंवा अन्नाबद्दल संशय असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५. डबा, उरलेली पावडर, पावती आणि संदेश फेकू नका. तोच पुरावा असतो. काकूंनी त्यांचा डबा आमच्या डब्याशेजारी ठेवायला दिला आहे. तक्रार दोघींच्या नावाने होणार आहे.

पैगंबरसाहेबांची एक हकीकत आम्हाला लहानपणी ऐकवत. बाजारातून जाताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वर धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते. आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे ते सांगून गेले. आपल्या तालुक्यातल्या आंबेमोहोराच्या पोत्यात हात घालून बघणारी माणसे मला ठाऊक आहेत. मूठभर तांदूळ काढतात, वास घेतात, दाताखाली एक दाणा फोडतात, मगच भाव विचारतात. तेव्हा दुकानदाराला अपमान वाटत नाही, आपल्यालाही संकोच वाटत नाही. मग पोटात जाणाऱ्या पावडरीच्या डब्यात हात घालायला संकोच कसला? व्हिडिओतल्या माणसाने पवित्र नाव घेतले म्हणून प्रश्न विचारणे बेअदबी ठरत नाही. त्या नावाआड ओले धान्य लपवणे ही बेअदबी आहे.

ईद जवळ आली आहे. शीरखुर्म्याचे डबे घरोघरी जातील. ज्यांना साखर आहे त्यांनी वाटीऐवजी चमचाभर घ्यावा, वाढणारीने आग्रह करू नये. आपाने लग्नासाठी शिवलेला जोडा दोन बोटे सैल करून घेतला आहे. शिंप्याने त्याचे दीडशे रुपये घेतले.